बराकीत वसलेलं शहर

उल्हासनगरात पत्ता सांगताना आजही आधी बॅरेकचा नंबर येतो, मग सेक्शन, मग कॅम्प. त्या नंबरावर आता बहुमजली इमारत उभी असली तरी नंबर तोच राहतो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळच्या माळरानावर लष्करी छावणी उभारली. बराकी दोन हजारांवर. युद्ध संपल्यावर छावणी ओस पडली आणि फाळणीनंतर तिथे सिंधमधून निर्वासित आले. अनेकांचा प्रवास कराचीहून बोटीनं मुंबई आणि तिथून आगगाडीनं कल्याण असा झाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली, आणि उल्हास नदीवरून वसाहतीला नाव मिळालं.

बहुतेक बराकींचा नकाशा एकच: मधे लांबलचक दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या. हा सगळा हिशेब शिपायांचा होता, संसाराचा नव्हता. तिथे कुटुंबं उतरली तेव्हा दोन घरांमध्ये गोणपाट नाहीतर चादर, एवढाच आडोसा. पलीकडचं तान्हं रडलं की अलीकडचे जागे व्हायचे. पुढे गोणपाटाच्या जागी विटा आल्या, लांब भिंतीत ज्यानं त्यानं आपलं दार काढलं, दारापुढच्या खाटेवर पापड वाळू लागले. शिपायांचं दालन घरांची ओळ झालं, ते राहणाऱ्यांच्या हातांनी. या वास्तूचे खरे स्थपती तेच.

या नकाशानं शहराला वळण लावलं. चिंचोळे तुकडे, खेटून घरं, वाढायला जागा फक्त वर. मे २०२१ मध्ये इथल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं दगावली. त्यामुळे जीर्ण घरं पाडून लोकांना भक्कम छप्पर मिळावं, यात दुमत नाही.

पण सगळ्याच बराकी जाऊ द्यायच्या का? शेजारच्या अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा शिलालेख जपून आहे. त्याला पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. ते शिलाहार राजांचं वैभव. उजाड छावणीत शहर उभं करणाऱ्यांचा वारसाही तितकाच मोलाचा आहे. पालिकेनं उरलेल्या बराकींची मोजमापं घ्यावीत, नकाशे काढावेत, जुन्या रहिवाशांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात आणि निदान एक बराक डागडुजी करून शाळेच्या पोरांना बघायला खुली ठेवावी. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे काम व्हायला हवं.