दिवा पेटेपर्यंत

चवथीच्या दिवसांत म्हापशाच्या बाजारात टिकल्यांची पिस्तुलं टांगलेली दिसतात. घेतलं की पोर ते आधी कमरेला खोचतं, समोरच्यावर डोळे रोखतं आणि झटकन उपसून चाप ओढतं. पेडणे-डिचोलीकडच्या गावांत खरी बंदूकही अनोळखी नाही. रानडुकरांपासून शेती राखायला परवान्याची बंदूक ठेवणारी घरं आजही आहेत, आणि निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची धावपळही दरवेळी होते. पण पोराच्या डोक्यातली लढाई त्या बंदुकीची नसते. ती सिनेमातली असते: धुळीचा रस्ता, दोन काउबॉय, आणि जो आधी उपसेल तो वाचेल.

प्रत्यक्षात असे सामने फार थोडे झाले. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड गावच्या चौकात २१ जुलै १८६५ रोजी वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट समोरासमोर आले, तो त्यांतला गाजलेला प्रसंग. दोघांमध्ये सुमारे ७५ यार्डांचं अंतर होतं. एवढ्या अंतरावर घाई करणाऱ्याची गोळी कुठेही जाते. नेम धरणाऱ्याची लागते. टट मेला, हिकॉक वाचला.

खेळ म्हणून ‘फास्ट ड्रॉ’ जन्माला आला तो याच्या जवळजवळ ९० वर्षांनी. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या करमणूक उद्यानात डी वूलेम नावाचा माणूस पर्यटकांसाठी रेल्वे लुटणाऱ्या डाकूचं काम करायचा. फावल्या वेळात तो पिस्तूल उपसण्याचा सराव करी, आणि आपण किती वेगवान आहोत हे मोजायला त्याने घड्याळ जोडलं. १९५४ मध्ये त्याने पहिली स्पर्धा भरवली. टीव्हीवर काउबॉय मालिकांची लाट होतीच, त्यामुळे खेळ पसरला आणि त्याबरोबर अपघातही. खऱ्या गोळ्या भरून घरी सराव करणारे हौशी लोक पिस्तूल उपसता उपसता स्वतःच्याच पायात गोळी घालून घेऊ लागले. या खेळात मेणाची गोळी आली ती या धड्यातून.

आज या खेळाची मोठी संघटना आहे काउबॉय फास्ट ड्रॉ असोसिएशन, आणि तिची जागतिक स्पर्धा नेवाडातल्या फॅलन गावाशी जोडली गेली. खेळाडूकडे जुन्या धाटणीचं .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हर असतं. प्रत्येक बाराआधी त्याचा घोडा हाताने मागे ओढावा लागतो. काडतुसात बारूद नाही. शॉटगनच्या प्रायमरचा जोर मेणाची गोळी २१ फुटांवरच्या लोखंडी तबकडीपर्यंत नेतो. तबकडीचा व्यास २४ इंच, मधोमध दिवा. दोन खेळाडू शेजारी शेजारी उभे राहतात, प्रत्येकाची तबकडी वेगळी. सज्ज होण्याची सूचना मिळते आणि त्यानंतर दोन ते पाच सेकंदांत केव्हातरी दोन्ही दिवे पेटतात. नेमके केव्हा, ते कुणालाच ठाऊक नसतं. दिवा पेटल्यावर उपसायचं, घोडा चढवायचा, बार काढायचा. कसलेल्या खेळाडूचं हे सगळं ०.४ सेकंदाच्या आत संपतं. पण गोळी तबकडीला लागली नाही तर त्या वेगाची किंमत शून्य, आणि मागाहून का होईना, ज्याची लागली तो जिंकतो.

या खेळाडूंचं आयुष्य मला फार जवळचं वाटतं, कारण त्यांत नवरा-बायको, आजोबा-नातू एकत्र उतरतात. प्रत्येकाला काउबॉयला शोभेल असं टोपणनाव घ्यावं लागतं आणि रेंजवर त्याच नावाने त्याला ओळखतात. हॅट, बूट, चामड्याचा पट्टा हा थाट असतोच. पण डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण सक्तीचं. आठवडाभर नोकरी आणि घरच्या गॅरेजमध्ये मेणाच्या गोळीवर सराव, सुट्टीला गाडी काढून दुसऱ्या गावची स्पर्धा, असा त्यांचा क्रम.

०.४ सेकंदातला जवळजवळ अर्धा वेळ तर डोळ्याला दिवा दिसून हाताला हुकूम पोचण्यातच जातो. माणसाची ही प्रतिक्रिया सुमारे ०.२ सेकंदाची, आणि सरावाने ती फारशी कमी होत नाही. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांना काउबॉयपट पाहायची आवड होती. आधी हात घालणारा खलनायकच नेहमी का मरतो, यावर त्यांचा तर्क असा की ठरवून केलेल्या हालचालीपेक्षा प्रतिसादातली हालचाल वेगवान असते. २०१० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात अँड्र्यू वेल्चमन यांनी हे तपासलं. प्रतिसाद देणाऱ्याची हालचाल खरोखर सुमारे २१ मिलिसेकंदांनी जलद निघाली. पण प्रतिसाद सुरू व्हायलाच २०० मिलिसेकंद गेल्यामुळे या फायद्याने जीव काही वाचला नसता.

भारताच्या राष्ट्रीय स्पर्धांत काउबॉय फास्ट ड्रॉ नाही. त्याच्या सर्वांत जवळचा, दिव्याच्या इशाऱ्यावर चालणारा प्रकार म्हणजे २५ मीटर पिस्तूल, आणि त्यातलं मोठं नाव आपल्या शेजारचंच आहे. पेडण्याहून आंबोली घाट चढून अंबाबाईला जाणाऱ्यांना कोल्हापूर काही परकं नाही. त्या कोल्हापूरची राही सरनोबत. जन्म ३० ऑक्टोबर १९९०, शाळा उषाराजे हायस्कूल. त्याच शाळेतली तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनची जगज्जेती झाली. तेजस्विनीकडे बघूनच राहीने नेमबाजी धरली, पण हातात घेतलं पिस्तूल.

२५ मीटर पिस्तुलाचा पहिला टप्पा संथ: पाच मिनिटांत पाच गोळ्या, अशा सहा फेऱ्या. दुसरा टप्पा पाहताना मात्र मला दरवेळी त्या नेवाडातल्या तबकडीची आठवण होते. एका हातात .२२ चं पिस्तूल, दुसऱ्या हाताचा आधार नाही. हात ४५ अंशांपर्यंत खाली. लाल दिवा सात सेकंद. मग हिरवा, फक्त तीन सेकंद. एवढ्यात हात वर यायचा, नेम बसायचा आणि एकच गोळी सुटायची. पुन्हा हात खाली, पुन्हा सात सेकंद. पाच गोळ्यांची एक फेरी, अशाही सहा फेऱ्या. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १० सेंटीमीटरचं, आणि चापावर किमान एक किलोचा भार असलाच पाहिजे असा नियम.

नवख्याला वाटतं, तीन सेकंद म्हणजे पळापळ. कसलेला नेमबाज हात उचलतानाच चापावरचा पहिला दाब घेऊन ठेवतो, डोळे नळीच्या टोकावरच्या माशीवर टेकवतो, आणि उरलेला दाब नेम स्थिरावेल तसतसा वाढवत नेतो. ‘आता मारतो’ असं मनात आलं की मनगट खचतं आणि गोळी खाली जाते. बार झाल्यावरही हात क्षणभर तसाच ठेवायचा. घाई नसलेला हा वेग अंगात मुरवायला वर्षं लागतात, आणि त्यातला मोठा वाटा गोळीशिवायच्या सरावाचा. भिंतीसमोर उभं राहून रिकामं पिस्तूल उचलायचं, चाप ओढायचा, खाली आणायचं. टाळ्या नाहीत, गुणफलक नाही. या खेळाची खरी परीक्षा मला इथेच दिसते.

राहीला २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत अनिसा सय्यदबरोबर जोडीचं सुवर्ण आणि वैयक्तिक रौप्य मिळालं. २०१२ ला लंडन ऑलिंपिक. २०१३ मध्ये कोरियात चांगवॉनला विश्वचषकाचं सुवर्ण. पिस्तुलात ते जिंकणारी ती पहिली भारतीय. २०१४ ला ग्लासगोचं राष्ट्रकुल सुवर्ण. मग कोपर दुखावलं, आणि ज्या हाताने सगळं करायचं तोच हात आखडला. २०१७ पासून मुंखबायार दोर्जसुरेन तिला शिकवू लागल्या. मंगोलियाकडून १९९२ आणि जर्मनीकडून २००८ मध्ये याच प्रकारात ऑलिंपिक कांस्य जिंकलेल्या या बाई.

२२ ऑगस्ट २०१८, पालेम्बांग, आशियाई क्रीडा स्पर्धा. पात्रता फेरीत मनू भाकर ५९३ गुणांसह पहिली. राही ५८० वर, सातवी. पण अंतिम फेरीत आधीचे गुण पुसले जातात. तिथे १०.२ किंवा त्याहून चांगली गोळी म्हणजे एक गुण, नाहीतर शून्य. पाच-पाच गोळ्यांच्या दहा फेऱ्या, आणि चौथ्या फेरीनंतर दरवेळी शेवटचा खेळाडू बाहेर. मनू सहावी राहिली. ५० गोळ्यांनंतर राही आणि थायलंडची नफस्वान यांगपायबून दोघी ३४ वर. बरोबरी फोडायला पाच गोळ्या: ४-४. पुन्हा पाच: राही ३, नफस्वान २. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी राही ही पहिली भारतीय महिला ठरली. शेवटच्या फेरीचा तो ३-२ आकडा मला फार बोलका वाटतो. त्या ताणाखाली दोघींचेही हात हलत होते. एकीचा एका गोळीपुरता कमी.

२०१९ ला म्युनिकच्या आणि २०२१ ला ओसियेकच्या विश्वचषकात तिने पुन्हा सुवर्ण घेतलं, पण टोकियो ऑलिंपिकमध्ये ती ३२ वी आली. त्यानंतर मज्जातंतूंच्या दुखण्याने तिला लांब काळ रेंजपासून दूर ठेवलं. महाराष्ट्र सरकारच्या सेवेत ती उपजिल्हाधिकारी आहे. खेळ सोडला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

आपल्या गावातल्या मुलाला वा मुलीला या वाटेवर पाठवायचं तर सुरुवात १० मीटरच्या छऱ्याच्या पिस्तुलाने होते. ठराविक ताकदीच्या आतल्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही; .२२ ला लागतो, आणि मग कागदपत्रं, कुलूपबंद पेटी, विमानतळावरची नोंद हे सगळं आयुष्याला चिकटतं. चांगला प्रशिक्षक पहिले काही महिने गोळीपेक्षा उभं राहणंच जास्त शिकवतो. पालकांनी तेव्हा पदक कधी, असं विचारू नये.

राही परतली. २०२५ मध्ये उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण महाराष्ट्राला मिळवून दिलं, वयाच्या ३४ व्या वर्षी.