दोन आणि चार अक्षरांचा वाक्प्रचार

‘ज्योतिष्यासमोर करतात, रस्त्यात एसटीसमोरही (२, ४).’

शब्दकोड्यातला हा आडवा संकेत. कंसातले आकडे अक्षरांचे. उत्तर रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार असणार, हे धाटणीवरूनच कळते. अशा वेळी मी अर्थाच्या मागे लगेच लागत नाही. आधी शेवटच्या चौकोनात पेन्सिलीने फिकट ‘णे’ लिहितो. मराठीत वाक्प्रचार सांगायचा तो बहुधा ‘णे’ लावूनच, त्यामुळे एक चौकोन आयताच मिळतो. या ‘णे’तून कोडेकाराला बहुतेक वेळा एक उभा शब्दही काढावा लागतो. म्हणून पुणे, ठाणे, दाणे, नाणे, गाणे ही मंडळी आपल्या कोड्यांत सारखी भेटतात.

मग उभे शब्द. ‘तोंड’ या संकेताचे ‘मुख’ आले आणि त्यातला ‘ख’ आपल्या दुसऱ्या भागात दुसरा बसला. म्हणजे एक रिकामा चौकोन, ‘ख’, पुन्हा रिकामा आणि ‘णे’. आता पुटपुटून पाहायचे. वाक्प्रचार आपण वाचून शिकलेले नसतात, आजीच्या, शेजाऱ्यांच्या, वर्गातल्या बाईंच्या तोंडून ऐकलेले असतात. म्हणून ते डोळ्यांआधी कानाला सापडतात. हात आखडणे. हात दाखवणे. दोन्ही मोजून बसतात, दोन्हींत ‘ख’ जागच्या जागी आहे. दक्षिणा द्यायची वेळ आली की ज्योतिष्यासमोर हात आखडणारेही असतात, असा तर्क क्षणभर पटतो. तेवढ्यात ‘बाजारात चढतो, उतरतो’ या उभ्या संकेताचे ‘भाव’ सुटते, तिसऱ्या चौकोनात ‘व’ येतो आणि निकाल लागतो. हात दाखवणे. भविष्य विचारायला तळहात पुढे करणे आणि फाट्यावर उभे राहून गाडी थांबवणे, दोन्हींना आपण हेच म्हणतो. रोज वापरूनही या दोन अर्थांची एकमेकांशी गाठ आपण कधी घालून दिलेली नसते. कोडेकाराने ती घातली.

आर्थर विन यांचे पहिले आधुनिक शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आले. तिथे एका चौकोनात सव्वीस रोमन अक्षरांपैकी एक. मराठी चौकोनात मात्रेसकट, जोडाक्षरासकट पुरे अक्षर बसते, आणि नुसती बाराखडी धरली तरी एका व्यंजनाची बारा रूपे होतात. ‘वाटाण्याच्या अक्षता’ जाळ्यात घ्यायच्या तर ‘ण्या’ला छेदणाऱ्या शब्दातही नेमका ‘ण्या’च हवा. ‘ण’ चालत नाही, ‘णा’ही नाही. कोडे रचणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. सोडवणाऱ्याला मात्र यातूनच बळ मिळते, कारण असे एक भरीव अक्षर हाती आले की अख्खा वाक्प्रचार जिभेवर येतो.

कधी कधी वाक्प्रचाराचीच दोन रूपे प्रचारात असतात. ‘दमछाक होणे’ या अर्थी कोणी ‘नाकी नऊ येणे’ म्हणतो, कोणी ‘नाकी नव’. चौकोन सारखेच, अर्थही तोच. इथे शब्दकोश दोघांनाही बरोबर ठरवील. निवाडा करतो तो खाली उतरणारा दोन अक्षरी शब्द: ‘साखर कारखान्याचा कच्चा माल’. ऊस. म्हणजे नऊ.

या छेदणाऱ्या शब्दांचे मोल किती, हे एका जुन्या खटल्यातून कळते. बंगळूरच्या एका साप्ताहिकातून चालणाऱ्या आणि मुंबई राज्यातही पसरलेल्या बक्षिसी शब्दकोड्यांचा वाद १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे होता. एकाच जागी दोन शब्द चपखल बसत. बक्षीस मिळे ते संयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी जुळणाऱ्याला. न्यायालयाने त्याला जुगाराच्या स्वरूपाचे म्हटले. मला हा निर्णय कोडेशास्त्राचा धडाही वाटतो. ‘आखडणे’ की ‘दाखवणे’ हे रचणाऱ्याच्या मर्जीवर सोडले तर तो सट्टा. ‘भाव’मधल्या ‘व’ने ते सिद्ध झाले तर ते कोडे.

वाक्प्रचारांत जुने शब्दही जपले जातात. ‘गाशा’ आता ‘गुंडाळणे’ला धरूनच जगतो. खोगिरावर घालायच्या आच्छादनाला गाशा म्हणत, हे मला एका दोन अक्षरी संकेताने शिकवले. ‘पाचावर धारण बसणे’ यातली धारण म्हणजे बाजारभाव. अशा वेळी दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ उघडतो, आणि एका शब्दासाठी उघडलेला कोश तासभर मिटत नाही.

पण घोडे गेले, धारणही गेली, आणि बोलणे पुढे चालले आहे. ‘डोक्याला शॉट’ आज कॉलेजच्या कट्ट्यावर जितका सहज ऐकू येतो तितकाच बँकेच्या रांगेत. पाच अक्षरे, शेवटी ‘ट’. त्याला छेदायला वाट, पाट, लाट, घाट सगळे तयार आहेत. आपल्या कोडेकारांनी तो घ्यावा. गाशा ज्यांना ठाऊक आहे आणि शॉट ज्यांच्या तोंडी आहे, अशा दोन पिढ्यांना एकच कोडे सोडवायला एकमेकांची गरज लागावी, याहून चांगला उपयोग मला या खेळाचा सुचत नाही.