तंबूतला शाओलिन

जत्रेतल्या कुस्त्या दिवस मावळायच्या आत उरकतात. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरू झालेला फड शेवटच्या मोठ्या जोडीवर येतो, निकाल लागतो, हलगी थांबते आणि भोवती दाटून बसलेली माणसं अंगावरची धूळ झटकत उठतात. जालना जिल्ह्यात भोकरदनच्या बाजूला, माझ्या लहानपणी, यातली बरीचशी माणसं घराकडे वळत नसत. गावाबाहेरच्या पडीक रानात तंबू टॉकीज उभी असायची. जनरेटरची धडधड सुरू झालेली, माईकवरून पुकारा चाललेला, आणि बाहेरच्या पोस्टरवर उघड्या अंगाचा, काखेत नंचाकू दाबून उभा असलेला एक चिनी माणूस. पिक्चरचं नाव काहीही असो, माणसं एकमेकांना सांगत, ब्रुसलीचा पिक्चर लागलाय.

पोस्टरवरचा तो माणूस बहुतेक वेळा ब्रूस ली नसायचा. पण आधी तंबूचं सांगतो.

एक ट्रक, कनाती, पांढरा पडदा आणि प्रोजेक्टर एवढा या टॉकीजचा संसार. दिवाळीनंतर जत्रांचा हंगाम लागला की तो गावोगाव फिरायचा आणि पावसाच्या तोंडावर परत जायचा. प्रोजेक्टर पुष्कळदा ट्रकच्या हौद्यातच पक्का बसवलेला असे. ट्रकची मागची बाजू तंबूकडे करून लावली की झाली मशीन-रूम. आतला दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्या. त्यांची टोकं जवळ आणली की मधल्या फटीत वीज पेटते आणि डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडतो. कांड्या जळत जातात, फट वाढते, उजेड मंदावतो, म्हणून ऑपरेटरला सारखं लक्ष ठेवून त्या सरकवत राहावं लागतं. सेकंदाला २४ चित्रं या हिशेबाने हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. शहरातल्या थिएटरात दोन मशीन असत, एकावरचं रीळ संपता संपता दुसरं सुरू होई. आमच्या तंबूत एकच मशीन होतं. रीळ संपलं की अंधार, शिट्ट्या, आणि त्या अंधारात जमिनीवर बसलेल्या पोरांची नुकत्याच पाहिलेल्या फायटिंगची उजळणी.

या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याची खास नोंद घेतली गेली. महाराष्ट्रातल्या जत्रांमधले गंजलेले प्रोजेक्टर, त्यांना हातांनी जिवंत ठेवणारी माणसं आणि पडद्याकडे तोंड वर करून बसलेली गर्दी त्यात आहे. गजेंद्र अहिरे यांचा ‘टुरिंग टॉकीज’ हा मराठी चित्रपट त्याआधीचा, २०१३ चा. तंबूवर असं थोडंफार तरी लिहिलं-बोललं गेलं. पण तंबूत लागणाऱ्या स्वस्तातल्या मारधाडीच्या पिक्चरांकडे कुणी आदराने पाहिलं नाही. मला तसं पाहायचं आहे, कारण त्या पिक्चरांनी आमच्या भागातल्या माणसांना जे दिलं ते मोठ्या बजेटच्या पडद्याने क्वचितच दिलं.

ते पिक्चर तंबूला परवडत, हे तर आहेच. हिंदी पिक्चर अडीच-तीन तासांचा, कुंगफूचा दीड तासाचा. रात्रीतून एक खेळ जास्त बसतो. शिवाय प्रिंट आमच्याकडे यायची ती सगळ्यात शेवटी, मोठी शहरं आणि तालुक्याची गावं फिरून झाल्यावर. तोवर तिच्यावर ओरखडे पडलेले, जागोजागी तुटून जोडलेली, मधले तुकडे गायब. कौटुंबिक पिक्चरमधलं एक रीळ गेलं तर कोण कुणाची बहीण हे कळेनासं होतं. इथे मात्र गुरूचा खून झालाय, शिष्याला सूड घ्यायचाय, एवढं पहिल्या दहा मिनिटांत डोक्यात बसलेलं असतं. मधलं काही गेलं तरी धागा सुटत नाही. भाषेचीही तीच गत. पात्रं चिनी बोलोत, इंग्रजी बोलोत की हिंदीत डब केलेली असोत, ज्याला एक अक्षर वाचता येत नाही त्यालाही सगळं समजे.

हे पिक्चर हाँगकाँगहून येत. तिथल्या शॉ ब्रदर्स कंपनीने क्लिअरवॉटर बेला १९६१ मध्ये स्टुडिओचं एक गावच वसवलं होतं. करारावरचे नट तिथेच राहत. एकाच वाड्याचा सेट या पिक्चरमध्ये मठ, पुढच्यात जुलमी सरदाराची हवेली. शूटिंग मुकं होई आणि आवाज नंतर भरला जाई. म्हणून ओठ थांबल्यावर शब्द येतात आणि ठोशाचा आवाज चाबकासारखा फुटतो. या कंपनीच्या समोर १९७० मध्ये रेमंड चाऊ यांची गोल्डन हार्वेस्ट उभी राहिली आणि तिने ब्रूस लीला घेऊन १९७१ मध्ये ‘द बिग बॉस’ काढला. थायलंडमधल्या बर्फाच्या कारखान्यातल्या कामगारांची गोष्ट, अगदी थोड्या पैशांत केलेली. ‘एंटर द ड्रॅगन’ने ब्रूस ली जगभर पोचला. पण हा पिक्चर पडद्यावर यायच्या आधीच, २० जुलै १९७३ ला, बत्तिसाव्या वर्षी ब्रूस ली गेला. मोठेपणी नायक म्हणून त्याचे चारच पिक्चर पुरे झाले होते.

जगाची भूक चार पिक्चरांनी भागणार नव्हती. तैवानचा हो चुंग-ताओ ‘ब्रूस ली’च्या जवळ जाणारं ‘ब्रूस लि’ हे नाव घेऊन उभा राहिला. दुसरा ‘ब्रूस ले’ झाला, कोरियातला एक ‘ड्रॅगन ली’ झाला. खुद्द ब्रूस लीचा अपुरा राहिलेला ‘गेम ऑफ डेथ’ १९७८ मध्ये तोतये वापरून पुरा करण्यात आला. त्यातल्या एका दृश्यात आरशावर त्याच्या चेहऱ्याचा कापलेला फोटो चिकटवला आहे आणि त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेचं चित्रण गोष्टीत घातलं आहे. तंबूबाहेरच्या पोस्टरवरचा चिनी माणूस असा कुणीतरी होता. गावाला ते ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. पहिल्या फायटिंगनंतर जाणती माणसं ओळखत, की हा तो नव्हे. तरी बसून राहत, कारण ‘हा’सुद्धा लढत होता.

माझ्या मते गाभा इथे आहे. या पिक्चरांत दाढ्या डिंकाने चिकटवलेल्या असतात, मागचा डोंगर कापडावर रंगवलेला असतो, संगीत दुसऱ्याच कुठल्या सिनेमातून उचललेलं असतं, रक्त लाल रंगाचं पाणी असतं. अंग मात्र खोटं नसतं. जॅकी चॅन सातव्या वर्षी हाँगकाँगमधल्या चिनी नाट्यशाळेत गेला आणि दहा वर्षं पहाटेपासून कोलांट्या, हातांवर उभं राहणं आणि मार हेच शिकला. ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’ करताना समोरच्याची लाथ लागून त्याचा दात गेला. ‘प्रोजेक्ट ए’ मध्ये तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून दोन कापडी छपरं फाडत खाली येतो, ते खरोखरच पडतो. पैसा नसला की माणसाच्या अंगातलंच वापरावं लागतं, आणि हाँगकाँगच्या या मंडळींकडे ते भरपूर होतं. कॅमेरा लांब उभा राहून डोक्यापासून पावलांपर्यंत माणूस दाखवी. तुकडे जोडून केलेली मारामारी आणि एका दमात केलेली मारामारी यातला फरक तिथे लपत नाही.

तो फरक ओळखायला आमच्याइतका तयार प्रेक्षक कुठे होता? दुपारभर फडाच्या कडेला बसून ढाक नीट लागली का, कलाजंग कुठे फसली, चीतपट झाली की खांदा उचलला होता, यावर हुज्जत घालणारी माणसं रात्री तंबूत येत. त्यांना तोल कळतो, पायाची पकड कळते, कुणाचा दम संपलाय हे छातीवरून कळतं. शहरातला समीक्षक गोष्टीची पोकळी बघत होता, तेव्हा हा माणूस पवित्रा बघत होता. समर्थ रामदासांचा जन्म याच जिल्ह्यातल्या, घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावचा, साल १६०८. बलोपासना आणि मारुतीची देवळं ही त्यांची आठवण इथे सगळ्यांनाच आहे. जिथे मारुतीसमोर जोर-बैठका काढणं हे पूजेतच धरलं जातं, तिथे मठात राहून लाथा-बुक्क्यांचा अभ्यास करणारे संन्यासी परके वाटणार नव्हते. कुंगफू भारतातल्या बोधिधर्मानेच चीनला नेला, असं आमच्याकडची पोरं छातीठोक सांगत. ही दंतकथा आहे आणि तिचा धागा सतराव्या शतकातल्या एका चिनी पोथीपर्यंतच जातो. पण ती सांगताना पोरांचे चेहरे उजळत, हे मी पाहिलं आहे.

आता ज्या एका पिक्चरसाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो. ‘शाओलिनचा छत्तिसावा कक्ष’, १९७८ चा, शॉ ब्रदर्सचा. दिग्दर्शक लाऊ कार-लिउंग हा स्वतः कुंगफूच्या हुंग घराण्याचा जाणकार होता. त्याच्या वडिलांची विद्या लाम साइ-विंगकडून आलेली आणि लाम साइ-विंगची थेट वाँग फेइ-हुंग या नामांकित वस्तादाकडून. गोष्टीतला तरुण, म्हणजे गॉर्डन लिउ, राज्यकर्त्यांच्या जुलमातून निसटून शाओलिन मठात येतो. मठात शिक्षणाचे पस्तीस कक्ष आहेत. तो थेट सर्वांत वरचा कक्ष मागतो, तिथलं त्याला काही उमगत नाही, आणि त्याला अगदी खालच्या पायरीवर पाठवतात. तिथे जेवायला जायचं तर पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून जायचं. तो पडतो, भिजतो, उपाशी राहतो. मग पाण्याच्या बादल्या, हात ताठ पसरून. दंडाला सुऱ्या बांधलेल्या. हात खाली आला की पातं बरगडीला लागणार. मग जड दांड्याने घंटा वाजवणं, मग टांगलेल्या वाळूच्या पोत्यांवर डोकं आपटत पुढे सरकणं. पिक्चरचा मोठा भाग यातच जातो. शत्रू बराच वेळ दिसतही नाही.

पिंपळगाव रेणुकाईच्या पट्ट्यात दिवसभर हिरवी मिरची तोडून हातांची आग होते. मोंढ्यात पोती वाहून मान आखडते. विहिरीचा गाळ उपसणाऱ्याच्या तळव्यांना घट्टे पडतात. हिंदी पिक्चरमध्ये असं काम दिसलं तर ते गरिबी दाखवायला, दोन मिनिटांसाठी. नायक त्यातून सुटला की गोष्ट सुरू होते. इथे पाणी वाहणं हीच गोष्ट आहे. बादली उचलण्याने मनगट तयार होतं, आणि तेच मनगट पुढे तलवार अडवतं. रोजंदारीवरच्या माणसाने आपलं काम पडद्यावर विद्येच्या मानाने मांडलेलं आणखी कुठे पाहिलं असेल? शेवटी नायक मठाकडे छत्तिसावा कक्ष मागतो, मठाबाहेरच्या साध्या माणसांना शिकवण्याचा. तंबूत मांडी घालून बसलेल्यांना हे मागणं समजावून सांगावं लागत नसे.

आम्हा पोरांत या पिक्चरांचा परिणाम ताबडतोब दिसे. सायकलची जुनी चेन आणि लाकडाचे दोन तुकडे, की नंचाकू तयार. पहिले आठ दिवस स्वतःच्याच डोक्याला टेंगळं. तंबूच्या या खेळांना बाप्ये आणि पोरंच जास्त असत. बाया देवाच्या नाहीतर घरगुती पिक्चरला येत. मुलींच्या वाट्याला नंचाकू आला नाही, याची खंत मला आता वाटते, कारण याच हाँगकाँगने चेंग पेइ-पेइसारखी तलवार चालवणारी नायिका १९६६ मध्येच ‘कम ड्रिंक विथ मी’ मध्ये उभी केली होती.

मग व्हीसीआर आला. गणपतीत मंडळं वर्गणीतून तो भाड्याने आणत आणि मंडपासमोर रात्रभर तीन पिक्चर चालत. पहिला देवाचा, दुसरा अमिताभचा, आणि म्हातारी माणसं झोपायला गेली की तिसरा फायटिंगचा. हिंदीनेही हीच वाट धरली होती. मिथुन चक्रवर्तीचा ‘कराटे’ १९८३ चा, निन्जांना घेऊन आलेला ‘कमांडो’ १९८८ चा. नव्वदीत मिथुनने उटीला मुक्काम ठोकला. स्वतःचं हॉटेल, तिथेच युनिट, तिथेच शूटिंग, आणि वर्षाला पिक्चरांची रांग. मोठ्या शहरांनी ते मोजले नाहीत, छोट्या गावांतल्या थिएटरांनी त्यांच्यावर हंगाम काढले. कांती शाहंचा १९९८ चा ‘गुंडा’ याच वळणाचा. पुढे २००९ मध्ये ‘चांदनी चौक टू चायना’ आला, आणि त्यात अक्षय कुमारसमोर खलनायक म्हणून तोच गॉर्डन लिउ उभा होता. जुन्या तंबूवाल्यांपैकी कुणी त्याला ओळखलं असेल तर त्याच्या अंगावर काटा आला असेल.

थोड्या पैशांतले पिक्चर आमच्या जवळपासही बनले. छत्रपती संभाजीनगर ओलांडून गेलं की मालेगाव लागतं. यंत्रमागांच्या त्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला. पुढे त्यांनी सुपरमॅन केला, त्याचं चित्रीकरण फैझा अहमद खान यांच्या माहितीपटात आहे. ट्रॉली म्हणून सायकल, क्रेन म्हणून बैलगाडी. रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’मुळे २०२५ मध्ये ही गोष्ट देशभर गेली. असाच जुगाड हाँगकाँगलाही चाले. तिथला गॉडफ्री हो दुसऱ्यांचे पिक्चर विकत घेऊन त्यात स्वतःची निन्जांची दृश्यं घुसवायचा आणि दोन्ही बाजूंची पात्रं टेलिफोनवर बोलवून एकच गोष्ट बनवायचा. त्याच्या एका पिक्चरमध्ये तो टेलिफोन मांजराच्या आकाराचा आहे. तिकडे धंद्याची निकड होती, मालेगावात हौस. पण हाताशी आहे तेवढ्यात पिक्चर पुरा करायचाच, ही जिद्द मला दोन्हीकडे सारखी दिसते.

आता रिळांच्या प्रिंट निघत नाहीत, तंबू थोडे उरले आणि फायटिंग प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आली. मी अजूनही ते पिक्चर पाहतो, पूर्ण, तुकडे नाही. त्यांचा शेवट मला फार आवडतो. शत्रू पडला की गोष्ट तिथेच थांबते. लग्न नाही, मिरवणूक नाही, कुणी डोळे पुसत नाही. नायकाचा हात हवेत असतानाच चित्र गोठतं, त्यावर शेवटची अक्षरं उमटतात, आणि तंबूत लगेच पिवळा बल्ब लागायचा. माणसं पायताणं शोधत बाहेर पडायची. कपाशीच्या रानातून घराकडे जाणाऱ्या वाटेवर पुढे म्हातारे, मागे आम्ही, आणि आमच्यातलं कुणीतरी दोन्ही हात ताठ पसरून, बादल्या धरल्यासारखं, पार गावापर्यंत चालत यायचं.