एका महाकादंबरीचें हस्तलिखित

निबंधाची वही परत देतांना 'हा निबंध पुन्हां लिहून आणा' असें शिक्षकांनीं म्हटलें, कीं बहुतेक मुलांचे चेहरे उतरतात. पुन्हां लिहिणें ही एक शिक्षाच होय, अशी समजूत आपल्या शाळांतून फार खोल रुजलेली आहे. जो खरा लेखक असतो त्याला सारें एका दमांत सुचतें, त्याच्या पानावर खाडाखोड म्हणून नसते, असेंहि पुष्कळांस वाटतें. ही समजूत किती निराधार आहे हें दाखविण्याकरितां जगांतील एक प्रचंड कादंबरी हातानें कशी लिहिली गेली, तिचा इतिहास आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

ती कादंबरी म्हणजे रशियन ग्रंथकार काउंट लिओ टॉलस्टॉय ह्यांची 'युद्ध आणि शांतता' ही होय. टॉलस्टॉय हें नांव आपल्याकडे अपरिचित नाहीं. महात्मा गांधींनीं १९१० सालीं दक्षिण आफ्रिकेंत जोहान्सबर्गजवळ जी वसाहत स्थापिली तिला त्यांनीं ह्याच ग्रंथकाराचें नांव दिलें होतें; आणि टॉलस्टॉय ह्यांच्या कलाविषयक ग्रंथाचा मराठी अनुवाद सानेगुरुजींनीं केलेला आहे. टॉलस्टॉय ह्यांचा जन्म १८२८ सालीं तूला शहराजवळच्या यास्नाया पोल्याना ह्या वडिलार्जित गांवीं झाला. तरुणपणीं त्यांनीं लष्करांत नोकरी केली व १८५४-५५ मधील सेव्हास्टोपोलचा वेढा प्रत्यक्ष पाहिला. १८५९ सालीं त्यांनीं आपल्या गांवीं शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं शाळा काढली. तेव्हां आम्हां शिक्षकांशींहि त्यांचें कांहीं नातें आहे. १८६२ सालीं, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, मॉस्कोंतील एका डॉक्टरांची अठरा वर्षांची कन्या सोफिया ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि दुसऱ्याच वर्षीं ह्या कादंबरीच्या लेखनास आरंभ झाला.

आरंभ झाला असें आम्ही म्हणतों खरें, परंतु तो आरंभ सांपडण्यासच जवळजवळ एक वर्ष गेलें. सैबेरियाच्या हद्दपारींतून १८५६ सालीं परत आलेल्या एका वृद्ध राजबंद्याची कथा लिहावी, असा त्यांचा मूळ संकल्प होता. पण हा मनुष्य हद्दपार झाला तो १८२५ च्या बंडामुळें. म्हणून तें बंड समजून घेणें प्राप्त झालें. त्या सालीं तो प्रौढ गृहस्थ होता. त्याचें तारुण्य कळावें म्हणून लेखकास १८१२ पर्यंत, म्हणजे नेपोलियनच्या रशियावरील स्वारीपर्यंत मागें जावें लागलें. शेवटीं, केवळ विजयाची कथा सांगून त्यापूर्वींचे पराभव झांकून ठेवणें त्यांना लज्जास्पद वाटलें, आणि ते १८०५ सालापाशीं येऊन थांबले. गंमत अशी, कीं ज्या वृद्धासाठीं हा सारा प्रवास केला, तो ह्या कादंबरींत कधीं आलाच नाहीं!

ह्या आरंभाचे पंधरा निरनिराळे मसुदे आजहि उपलब्ध आहेत. एकाचें शीर्षक 'तीन काळ' असें आहे, तर दुसऱ्याचें 'मॉस्कोंतील एक दिवस'. प्रत्येक मसुदा कांहीं पानें चालतो आणि मग सोडून दिला जातो. आमचे विद्यार्थी अशा पानांस वायां गेलेलीं पानें म्हणतील. आमच्या मतें तीं वायां गेलेलीं नव्हेत. चौदा वाटा चुकीच्या आहेत हें त्या त्या वाटेनें चालून पाहिल्यावांचून कसें कळावें? आज जो आरंभ आपण वाचतों, म्हणजे १८०५ च्या जुलै महिन्यांत पीटर्सबर्ग येथें भरलेली ती सायंकाळची बैठक, तो इतका सहज वाटतो, कीं त्यामागें एवढे श्रम असतील अशी शंकाहि येत नाहीं.

१८६४ च्या शरद्ऋतूंत एक संकट ओढवलें. शिकारीच्या वेळीं टॉलस्टॉय घोड्यावरून पडले व त्यांचा उजवा हात दुखावला. पहिल्या उपचारांत तो नीट बसला नाहीं, म्हणून मॉस्कोस जाऊन शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. ज्याचें सर्व काम हातावर अवलंबून, त्याचा हातच गळ्यांत बांधलेला! तरी त्यांनीं काम थांबविलें नाहीं. खोलींत येरझारा घालीत ते मजकूर सांगत आणि त्यांची मेहुणी तात्याना तो उतरून घेई. हात बरा होतांच मात्र लेखणी पुन्हां त्यांच्या स्वतःच्या हातीं गेली.

१८६५ च्या आरंभीं कादंबरीचा पहिला भाग 'रशियन दूत' ह्या अर्थाच्या नांवाच्या एका प्रतिष्ठित मासिकांत '१८०५' ह्या मथळ्याखालीं प्रसिद्ध झाला, व त्यापुढील भाग १८६६ सालीं आला. त्या वेळीं ग्रंथ लवकरच पुरा होईल अशी टॉलस्टॉय ह्यांची कल्पना होती. 'शेवट गोड तें सर्व गोड' अशा अर्थाचें नांवहि त्यांनीं योजिलें होतें, आणि त्या योजनेंत प्रिन्स आंद्रे व बालवीर पेत्या हे दोघेहि जिवंत राहणार होते. परंतु जसजसें लेखन खोल जाऊं लागलें तसतसा हा गोड शेवट त्यांना खोटा वाटूं लागला. मासिकास हप्ते पुरविण्याचें त्यांनीं सोडून दिलें आणि ग्रंथ स्वतंत्रपणें, आपल्या जबाबदारीवर, पुस्तकरूपानें छापण्याचें ठरविलें. ह्या स्वातंत्र्यामुळें त्यांना वेळ मिळाला. पण स्वातंत्र्याबरोबर जी जोखीम येते तीहि त्यांच्याच माथीं आली.

मिळालेल्या वेळाचा उपयोग त्यांनीं कसा केला? १८६६ च्या नोव्हेंबरांत ते मॉस्कोच्या रुम्यान्त्सेव्ह संग्रहालयांत बसून फ्रीमेसन पंथाचीं जुनीं हस्तलिखितें वाचीत होते, कारण त्यांचें एक प्रमुख पात्र, पिएर, त्या पंथांत शिरणार होतें. १८६७ च्या सप्टेंबरांत ते बोरोदिनोचें रणांगण पाहण्यास गेले. १८१२ सालीं तेथें नेपोलियनची आणि रशियन सैन्याची घनघोर लढाई झाली होती. बरोबर त्यांचा बारा वर्षांचा मेहुणा स्टेपान होता. सारें मैदान त्यांनीं फिरून पाहिलें, टिपणें घेतलीं, सूर्योदयाच्या वेळीं ऊन कोणत्या बाजूनें पडतें हें पाहिलें. लढाई होऊन पंचावन्न वर्षें लोटलीं होतीं. टेंकड्या आणि ओढे मात्र जागच्या जागीं होते. इतिहासकारांनीं कागदावर जें मांडलें तें त्यांनीं जमिनीवर पडताळून पाहिलें. कादंबरी म्हणजे मनांतले मांडे, असें समजणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां ह्या इतिहासांतील दुसऱ्या हाताकडे वळूं. टॉलस्टॉय ह्यांचें अक्षर अत्यंत दुर्बोध होतें. ओळींच्या मध्यें, समासांत, कधीं आडवें, कधीं उभें असें तें लिहिलेलें असे. दिवसभर ते जें लिहीत, तें घरांतील कामें आटोपून मुलें निजल्यावर सोफियाबाई रात्रीं स्वच्छ अक्षरांत उतरून काढीत. दुसऱ्या दिवशीं त्या स्वच्छ प्रतीवर पुन्हां लेखणी चाले, आणि रात्रीं पुन्हां नवी प्रत तयार करावी लागे. त्यांनीं सबंध ग्रंथ सात वेळां उतरला अशी एक गोष्ट सांगतात. ती अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं, कारण कांहीं प्रकरणें थोड्या वेळां तर कांहीं अनेक वेळां उतरलीं गेलीं. परंतु आकडा सोडून दिला तरी श्रम उरतातच. १८६३ ते १८६९ ह्या काळांत ह्या माउलीस चार अपत्यें झालीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या रात्रींचें मोल कळतें. पुढच्या कादंबरीच्या, 'अ‍ॅना कॅरेनिना'च्या, वेळचें वर्णन त्यांचे चिरंजीव इलिया ह्यांनीं आपल्या आठवणींत केलें आहे. एखादें अक्षर लागेना म्हणजे आई तो कागद घेऊन वडिलांकडे जाई. 'ह्यांत न समजण्यासारखें काय आहे?' अशा आविर्भावानें वडील वाचूं लागत, आणि त्याच शब्दापाशीं येऊन तेहि अडखळत!

छापखान्यांत गेल्यावर तरी काम संपलें असेल काय? छपाईवर देखरेख करणारे बार्तेनेव्ह हे विद्वान् गृहस्थ जेरीस आले. कारण प्रुफें परत येत तीं नव्या मजकुरानें भरलेलीं असत आणि जुळाऱ्यांना खिळे पुन्हां जुळवावे लागत. अखेर १८६८-६९ ह्या सालांच्या नांवानें ग्रंथ सहा भागांत बाहेर पडला. त्यांत पांचशेंहून अधिक पात्रें आहेत. त्यामागें उरलेल्या हस्तलिखिताचीं पानें पांच हजारांहून अधिक असून तीं मॉस्को येथें टॉलस्टॉय ह्यांच्या संग्रहालयांत जपून ठेवलेलीं आहेत. १९२८ ते १९५८ ह्या काळांत त्यांच्या समग्र लेखनाची जी नव्वद खंडांची आवृत्ति निघाली, तींत ह्या टाकलेल्या मसुद्यांसहि मानाचें स्थान मिळालें.

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अजमास करावा, असा शुभवर्तमानांत एक दृष्टांत आहे. टॉलस्टॉय ह्यांनीं आरंभीं केलेला अजमास साफ चुकला. लहानशा घराचा पाया घातला आणि त्यावर गगनचुंबी बुरूज उभा राहिला. तरी तो अर्धवट राहिला नाहीं. आमच्या मतें ह्याचें कारण असें, कीं त्यांनीं खर्चाचा हिशेब एकदांच न करितां रोज सकाळीं नव्यानें केला, व त्या दिवसापुरतें जें देणें होतें तें चुकतें केलें. अर्थात् ते जमीनदार होते. पोटाची विवंचना त्यांस नव्हती, आणि आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांची स्थिति तशी नाहीं. पण कालचें पान आज निर्दयपणें खोडण्यास श्रीमंती लागत नाहीं. तें स्वतःशीं प्रामाणिक असण्याचें काम आहे, आणि तें गरिबासहि करितां येतें.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून लेख पुरा करणें आम्हांस उचित वाटत नाहीं. हिशेब रोज चुकता होत होता, पण त्यांतील मोठा वांटा दुसऱ्याच कोणाच्या झोपेंतून दिला जात होता. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नांव एकाचेंच आहे. पुढें पतीच्या ग्रंथांच्या आवृत्त्या काढण्याचें कामहि सोफियाबाईंनीं अंगावर घेतलें, आणि त्यांचीं हस्तलिखितें संग्रहालयांत सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था केली. असें असूनहि ह्या दांपत्याचा उत्तरकाळ अतिशय कष्टाचा झाला. १९१० सालीं बायऐंशीं वर्षांच्या टॉलस्टॉय ह्यांनीं एके रात्रीं घर सोडलें व थोड्याच दिवसांत वाटेवरच्या एका लहानशा रेलवे स्टेशनांत त्यांचा अंत झाला. त्यांच्यांतील वादाचा न्याय करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु 'युद्ध आणि शांतता' हा ग्रंथ ज्यांच्या हातीं पडेल, त्या आमच्या विद्यार्थ्यांनीं व विशेषतः विद्यार्थिनींनीं, तो उघडण्यापूर्वीं क्षणभर त्या दुसऱ्या हाताचेंहि स्मरण करावें, एवढीच आमची विनंति आहे.