रॉक वाद्यवृंदपट, विनोदी

रॉक संगीत वाजविणाऱ्या होतकरू तरुणांच्या गटाची धडपड हा ज्याचा मुख्य विषय असतो, असा विनोदप्रधान चित्रपटप्रकार. चार-पाच मित्र एकत्र येऊन गट स्थापन करतात; वाद्ये, सरावाची जागा आणि पैसा यांची त्यांना सदैव चणचण असते; गटाचे नाव काय ठेवावे येथपासून त्यांची भांडणे सुरू होतात आणि एखाद्या स्पर्धेच्या किंवा जाहीर कार्यक्रमाच्या प्रसंगी त्यांची कसोटी लागते, अशी या प्रकाराची ढोबळ रूपरेषा आहे. नेहमीच्या संगीतप्रधान चित्रपटांत पात्रे भावनेच्या भरात गाऊ लागतात. येथे मात्र गाणे हे पात्रांचे काम असते. त्यामुळे त्यातील श्रम, चुका व फजिती पडद्यावर दिसतात आणि विनोदाचा उगमही तेथेच असतो. विख्यात कलावंताचे जीवन सांगणाऱ्या चरित्रपटाहूनही हा प्रकार वेगळा आहे. कारण यातील गट बहुधा अप्रसिद्ध असतो आणि पुष्कळदा शेवटपर्यंत तसाच राहतो.

पार्श्वभूमी : रॉक संगीताचा उदय १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत झाला. विद्युत गिटार, बेस गिटार, ढोल-झांजांचा ड्रमसंच आणि गायक एवढ्या सामग्रीवर ते उभे राहते. अभिजात संगीतासारखी दीर्घ तालीम त्याला अपरिहार्य नसल्याने १९६० नंतर शाळा-महाविद्यालयांतील मुलांनी असे गट मोठ्या संख्येने काढले. बीटल्स या इंग्लिश गटावरील रिचर्ड लेस्टर दिग्दर्शित ‘अ हार्ड डेज नाइट’ (१९६४) हा या परंपरेतील आरंभीचा महत्त्वाचा चित्रपट होय. त्यातील गट आधीच लोकप्रिय असल्याने धडपडीचा विषय त्यात नाही. तथापि चार तरुणांची आपसांतील थट्टामस्करी आणि रस्ते, आगगाडी अशा स्थळांवरील कृष्णधवल चित्रण यांनी पुढील चित्रपटांना वळण दिले. त्यानंतरच्या दिग्दर्शकांचे लक्ष कीर्तीकडून अपयशाकडे वळले.

विनोदाचे स्वरूप : आकांक्षा आणि साधने यांतील तफावत हे या विनोदाचे मूळ आहे. रॉब रायनर यांच्या ‘धिस इज स्पायनल टॅप’ (१९८४) या नकली अनुबोधपटात याचे नमुनेदार उदाहरण आढळते. रंगमंचावरील देखाव्यासाठी स्टोनहेंज येथील प्राचीन शिलारचनेची १८ फुटांची प्रतिकृती हवी असते. पण आराखड्यावर फुटांऐवजी इंचांची खूण पडल्याने ती अवघी १८ इंचांची बनून येते. हा गट तरुण नसून उतारवयाकडे झुकलेला आहे. मात्र साधी चूक आणि भव्यतेचा आव यांची सांगड घालण्याची त्याची रीत पुढे तरुण गटांच्या चित्रपटांतही रूढ झाली.

टॉम हँक्स दिग्दर्शित ‘दॅट थिंग यू डू!’ (१९९६) या चित्रपटाचे कथानक १९६४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ईरी या गावी सुरू होते. वडिलांच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात काम करणारा एक तरुण ऐनवेळी ड्रमवादक म्हणून गटात येतो, संथ गीत परस्पर द्रुत लयीत वाजवितो आणि तेच गीत लोकप्रिय होते. गटाच्या नावातील शाब्दिक कोटी लोकांना धड वाचता येत नाही, ही त्यातील एक गंमत आहे. एका गाण्याच्या यशानंतर गट फुटतो. ॲलन पार्कर यांचा ‘द कमिटमेंट्स’ (१९९१) हा रॉडी डॉईल यांच्या १९८७ च्या कादंबरीवर आधारित असून त्यातील गट रॉकऐवजी सोल संगीत वाजवितो. पण रचना हीच आहे. डब्लिन शहराच्या श्रमिक वस्तीतील तरुण एकत्र येतात, त्यांचे वादन दिवसेंदिवस सुधारते आणि त्याच प्रमाणात त्यांची भांडणेही वाढतात. विल्सन पिकेट हा नामवंत गायक त्यांना भेटावयास येतो, तोवर गट मोडलेला असतो. रिचर्ड लिंकलेटर यांच्या ‘स्कूल ऑफ रॉक’ (२००३) मध्ये स्वतःच्याच गटाने हाकलून दिलेला वादक तोतया शिक्षक बनतो आणि वर्गातील मुलांचा गट उभारतो. तो गट स्पर्धेत हरतो. तरीही प्रेक्षक त्यालाच पुन्हा रंगमंचावर बोलावितात.

या उदाहरणांवरून या प्रकाराचा एक अलिखित नियम लक्षात येतो. कथेचा शेवट धन किंवा कीर्ती यांच्या प्राप्तीत होत नाही. एकदाच जमून आलेला उत्तम प्रयोग हाच तिचा कळसाध्याय असतो. मैत्री, पैसा आणि कला ही तिन्ही एका गटात किती काळ नांदू शकतात, हा खरा प्रश्न हसण्याच्या आवरणाखाली मांडलेला असतो.

भारतीय चित्रपट : मुंबईत रॉक संगीताची परंपरा जुनी आहे. १९७० व १९७१ मध्ये सिमला या सिगारेटच्या प्रायोजकत्वाखाली ‘सिमला बीट’ या नावाने तरुण गटांच्या स्पर्धा भरविण्यात आल्या व त्यांतील निवडक गीतांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. १९८४ मध्ये रॉक मशीन हा गट मुंबईत स्थापन झाला. पुढे त्याने इंडस क्रीड हे नाव घेतले. १९८६ मध्ये ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला. या गटांची गीते बहुतांशी इंग्रजीत असल्याने त्यांचा श्रोतृवर्ग मर्यादित होता. उपजीविकेसाठी अन्य व्यवसाय आणि सवडीने वादन, हा त्यांच्यातील सामान्य क्रम राहिला.

सुजॉय घोष यांच्या ‘झंकार बीट्स’ (२००३) या हिंदी विनोदी चित्रपटात नेमका हाच क्रम आला आहे. जाहिरातसंस्थेत नोकरी करणारे दोन मित्र एका संगीतस्पर्धेत पूर्वी अयशस्वी ठरलेले असून पुन्हा एकदा भाग घेऊ इच्छितात. एक तरुण गिटारवादक त्यांना येऊन मिळतो. संजय सुरी, राहुल बोस व शायन मुन्शी यांनी या भूमिका केल्या. घरसंसार, मोडकळीस आलेला विवाह व कार्यालयातील कामाचा तगादा यांतून सरावासाठी वेळ काढताना होणारी ओढाताण हा येथील विनोदाचा विषय आहे. चित्रपट संगीतकार राहुल देव बर्मन (१९३९–९४) यांना आदरांजली म्हणून योजिलेला आहे. त्यामुळे परदेशी रॉकऐवजी हिंदी चित्रपटगीत हेच या मित्रांचे दैवत ठरते. संगीत विशाल–शेखर यांचे असून त्यांपैकी विशाल ददलानी हे स्वतः पेंटाग्राम या मुंबईतील रॉकगटाचे गायक होत. अभिषेक कपूर यांचा ‘रॉक ऑन!!’ (२००८) हा याच विषयावरील चित्रपट असला, तरी त्याची प्रकृती गंभीर आहे.

महाराष्ट्रातील समांतर रूपे : मराठीत ‘बँड’ म्हटले म्हणजे प्रथम लग्नाच्या वरातीपुढील गणवेशधारी पथक डोळ्यांसमोर येते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. रॉकगटांचे जग मुख्यतः मुंबई-पुण्यासारख्या शहरांपुरते राहिले. विदर्भाच्या पश्चिम टोकाला असलेल्या बुलढाणा जिल्ह्यासारख्या शेतीप्रधान प्रदेशात, खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा गावांतून, एकत्र येऊन वाजविणाऱ्या तरुणांचा गट म्हणजे बँडपथक, बँजो पार्टी, ऑर्केस्ट्रा किंवा भजनी मंडळ होय. यांपैकी भजनी मंडळ वगळता इतरांची मिळकत लग्नसराई, मिरवणुका व उत्सव यांवर अवलंबून असते. कापूस किंवा सोयाबीनचे पीक हातचे गेले, की लग्नातील खर्चाला कात्री लागते आणि तिची झळ वाजविणाऱ्यांना पोहोचते. ध्वनिवर्धकांच्या भिंती उभारणाऱ्या ‘डीजे’मुळे पथकांचे काम आणखी घटले.

बँजो पार्टीतील वाद्य हे पाश्चात्त्य बँजो नव्हे. गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे तयार केलेल्या ताइशोगोतो या वाद्यावरून भारतात बुलबुलतरंग रूढ झाले. टंकलेखन यंत्रासारख्या पट्ट्या दाबून तारा छेडण्याची त्यात सोय असते. त्याला विद्युत ध्वनिग्राहक जोडून महाराष्ट्रातील वादकांनी मिरवणुकीस योग्य असे खणखणीत वाद्य बनविले. रवी जाधव दिग्दर्शित ‘बँजो’ (२०१६) हा हिंदी चित्रपट अशाच मुंबईतील वस्तीतल्या चौघा तरुणांच्या गटावर आहे. रितेश देशमुख यांनी त्यात प्रमुख वादकाची भूमिका केली असून, मुंबईतील ध्वनिमुद्रण ऐकून त्याच्या शोधात न्यूयॉर्कहून येणारी तरुणी नर्गिस फाख्री यांनी रंगविली आहे. चित्रपटाला मोठे व्यावसायिक यश लाभले नाही; मात्र रस्त्यावरील वादकाला ‘कलावंत’ म्हणून मान का मिळत नाही, हा प्रश्न त्याने पुढे आणला.

मराठी चित्रपटात हा प्रश्न त्यापूर्वीच तमाशाच्या संदर्भात आला होता. ‘सोंगाड्या’ (१९७१) हा गोविंद कुलकर्णी दिग्दर्शित व वसंत सबनीस लिखित विनोदी चित्रपट या दृष्टीने उल्लेखनीय आहे. नाम्या हा भोळा तरुण तमाशाकडे व त्यातील नर्तकीकडे ओढला जातो, त्यापायी घराला दुरावतो आणि फडावर सोंगाड्या म्हणून उभा राहतो. निर्माते व नायक दादा कोंडके (१९३२–९८) यांनी आपल्या कारकीर्दीच्या प्रारंभी बँडपथकात काम केलेले होते. उषा चव्हाण, रत्नमाला व निळू फुले यांच्याही त्यात भूमिका असून राम कदम यांचे संगीत आहे. तमाशाचा फड हाही कलावंतांचा फिरता गट असून त्याच्या अडचणी रॉकगटाहून फारशा निराळ्या नाहीत. हंगामापूर्वी घेतलेली उचल, मुक्कामागून मुक्काम, पावसाळ्यातील बेकारी आणि मानापमानावरून होणारी फाटाफूट या गोष्टी फडाच्या नित्य परिचयाच्या आहेत.

दोहोंतील भेद मात्र महत्त्वाचा आहे. ईरी किंवा मुंबई येथील कथांमधील तरुणाने गट सोडला, तर त्याला दुकानात किंवा कार्यालयात परत जाता येते. त्याचे अपयश तात्पुरते असल्यानेच प्रेक्षक निःशंकपणे हसू शकतो. तमाशा, बँडपथक व अनेक ठिकाणी बँजो पार्टी यांतील कलावंतांच्या बाबतीत वादन हे वडिलोपार्जित पोटापाण्याचे साधन असते व त्याला जातीय हीनतेचा डागही चिकटलेला असतो. राजेश पिंजानी यांच्या ‘बाबू बँड बाजा’ या मराठी चित्रपटात ही बाजू विनोदाचा आधार न घेता मांडली आहे. बँडपथकात वाजविणारा बाप मुलाने आपलाच व्यवसाय करावा असे म्हणतो, तर आई मुलाच्या शिक्षणासाठी झगडते. २०१० या वर्षासाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाला दिग्दर्शकाच्या पहिल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला. तसेच मिताली जगताप-वराडकर यांना अभिनेत्रीचा व विवेक चाबुकस्वार यांना बालकलाकाराचा पुरस्कार विभागून देण्यात आला.

मूल्यमापन : तरुण वाद्यवृंदावरील विनोदी चित्रपट हा वरवर हलकाफुलका प्रकार असला, तरी कलेला लागणारा वेळ, पैसा व सहकार्य यांचे इतके तपशीलवार चित्रण इतर प्रकारांत क्वचितच आढळते. भाड्याने आणलेले वाद्य, न मिळालेली बिदागी, शेजाऱ्यांची तक्रार आणि ऐनवेळी न आलेला सोबती या क्षुद्र वाटणाऱ्या गोष्टींवरच गटाचे अस्तित्व अवलंबून असते, हे तो दाखवितो. खामगाव-मेहकरकडील बँजो पार्टीलाही याच गोष्टींचा हिशेब रोज मांडावा लागतो. मराठी चित्रपटाने तमाशाच्या फडाला विनोदातून न्याय दिला. बँड व बँजो यांवर जगणाऱ्या ग्रामीण तरुणांच्या बाबतीत तेवढेच समर्थ विनोदी चित्रण होण्यास अद्याप पुष्कळ वाव आहे.