दिसते तितके थंड नसते!

चकचकीत स्टीलच्या पातेल्यात उकळते पाणी ओता आणि उष्णतादर्शक कॅमेऱ्यातून त्याच्याकडे बाहेरून पाहा. कॅमेरा बहुधा ४० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान दाखवील. त्यावर विसंबून पातेल्याला हात मात्र लावू नका!

यात कॅमेऱ्याचा दोष नाही. तो तापमान मोजतच नाही; त्याच्यापर्यंत पोचतात ते फक्त अवरक्त किरण. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी वर्णपटातील तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला आणि पारा चढला, तो याच अदृश्य किरणांमुळे. प्रत्येक वस्तू असे प्रारण बाहेर टाकते. वस्तू जितकी तापलेली, तितके प्रारण अधिक आणि ज्या तरंगलांबीला ते सर्वांत तीव्र असते ती तितकी कमी. आपल्या त्वचेसाठी ती सुमारे ९.५ मायक्रोमीटर भरते.

पण पृष्ठभाग कसा आहे, यालाही महत्त्व आहे. त्याच तापमानाचा आदर्श कृष्ण पदार्थ जेवढे प्रारण देईल, त्याच्या कितवा हिस्सा वस्तू देते हे सांगणारी संख्या म्हणजे उत्सर्जकता. त्वचेची उत्सर्जकता सुमारे ०.९८, तर लखलखीत तांब्याची ०.०५ हूनही कमी. अशा तांब्याकडून येतात ते बहुतांशी भिंतींचे, नि पाहणाऱ्याचेसुद्धा, परावर्तित किरण! म्हणून कॅमेऱ्यातील आकड्याला 'भासमान तापमान' म्हणतात.

हा शब्दच्छल नव्हे. विजेच्या फलकावरील सांधा सैल झाला की तेथील रोध वाढतो, सांधा तापतो, प्रसंगी आग लागते. तपासनिसाने चकचकीत तांबे 'थंड' समजून सोडून दिले तर? म्हणून वीज बंद असतानाच तेथे काळ्या विद्युत्‌-रोधक पट्टीचा तुकडा चिकटवतात. पट्टीची उत्सर्जकता ०.९५ च्या आसपास असते. पुढे तापमान वाचायचे ते पट्टीचे.

किरण टिपणारा घटक म्हणजे शोधक. औष्णिक शोधक किरणांनी स्वतः तापतो. १८८० च्या सुमारास सॅम्युएल लँगली यांनी बनविलेल्या बोलोमीटरमध्ये धातूची पातळ पट्टी तापून तिचा रोध बदलत असे. आजच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत व्हॅनेडियम ऑक्साइडचे हजारो सूक्ष्म बोलोमीटर हेच काम करतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे फोटॉन शोधकात, किरण पडताच इलेक्ट्रॉन मोकळे होतात. तो अधिक चपळ, पण नाजूक प्रकृतीचा. कित्येकांना उणे १९६ अंशांपर्यंत थंड ठेवावे लागते.

आणखी एक गंमत. या लांब तरंगांना काच अपारदर्शक असते, म्हणून कॅमेऱ्याचे भिंग जर्मेनियमचे करतात. बंद खिडकीमागे कोणी उभे असले, तरी कॅमेऱ्याला दिसते ती फक्त काच.