पदक नाही मिळालं, मग पोरगं पुढं गेलं की नाही? धनुर्विद्येतले रंगीत बॅज काय सांगतात

स्पर्धेहून पोरगं घरी येतं. बाप विचारतो, "कितवा आलास?" पोरगं मान खाली घालून सांगतं, "आठवा." विषय तिथंच संपतो. पण समजा, मागच्या स्पर्धेत याच पोराचे 480 गुण होते आणि या वेळी 555 झाले. म्हणजे पोरगं चांगलंच पुढं गेलंय. नंबर आठवाच राहिला, कारण बाकीचेही पुढं गेले. ही प्रगती नंबरात दिसत नाही. ती दिसावी म्हणून धनुर्विद्येत बॅजची पद्धत आहे. आपल्या तालुक्यातली अनेक मुलं आता धनुष्य हातात घेतायत, म्हणून पालकांनी ही पद्धत समजून घेतलेली बरी.

पदक आणि बॅज यात फरक काय?

पदकं तीनच. मैदानात तीस मुलं असली तर सत्तावीस रिकाम्या हातानं घरी जातात. बॅजचं तसं नाही. तिथं गुणांची रेघ आधीच ठरलेली असते. ती ओलांडली की बॅजचा हक्क मिळाला, मग स्पर्धेत पहिला या नाहीतर विसावा. इथं सामना दुसऱ्याशी नसतो, आपल्याच मागच्या गुणांशी असतो.

किती गुणांना कोणता रंग?

'वर्ल्ड आर्चरी' ही या खेळाची जागतिक संघटना. 2011 पर्यंत तिचं नाव 'फिटा' होतं. ऑलिंपिकमध्ये जे धनुष्य चालतं त्याला रिकर्व्ह म्हणतात. मोठ्या गटात रिकर्व्हचं अंतर 70 मीटर आणि टार्गेट 122 सेंटिमीटर व्यासाचं असतं. सहा-सहा बाणांच्या 12 फेऱ्या, म्हणजे एकूण 72 बाण. एका बाणाला जास्तीत जास्त 10 गुण, म्हणून सगळे मिळून 720. या प्रकाराचे बॅज असे :

- पांढरा : 500 गुण (बाणाला सरासरी जवळपास 7)
- काळा : 550 गुण (सरासरी 7.6)
- निळा : 600 गुण (सरासरी 8.3)
- लाल : 650 गुण (सरासरी 9)
- सोनेरी : 675 गुण (सरासरी 9.4)
- जांभळा : 700 गुण (सरासरी 9.7)

टार्गेट डोळ्यासमोर आणा. सगळ्यात बाहेर पांढरा पट्टा, मग काळा, निळा, लाल आणि मधोमध पिवळा. बॅजचे रंगही त्याच क्रमानं बाहेरून आत येतात. पण फसू नका. पांढऱ्या बॅजसाठी पांढऱ्या पट्ट्यात बाण लावून भागत नाही, सरासरी बाण लाल पट्ट्याच्या आसपास लागावा लागतो. म्हणजे पहिली पायरीही सोपी नाही.

आणखी एक गोष्ट बघा. सुरुवातीच्या पायऱ्या 50 गुणांच्या, शेवटच्या दोन 25 च्या. कारण वर जाईल तसा एकेक गुण महाग होतो. 10 गुणांचं वर्तुळ अवघं 12.2 सेंटिमीटरचं, तेही 70 मीटरवरून गाठायचं. लालवरून सोनेरीवर जायचं तर सहा बाणांच्या प्रत्येक फेरीत साधारण दोन गुण वाढवावे लागतात. तेवढ्यासाठी काही जणांची वर्षं जातात. म्हणून लाल बॅजवर पोरगं अडकलं की लगेच "याच्यात दम नाही" म्हणू नये.

फलटणच्या पोराचा आकडा

फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला. पात्रता फेरीत त्याचे 656 गुण झाले आणि तो 31 वा आला. नुसता नंबर वाचला तर वाटतं, काय विशेष? पण 656 म्हणजे लाल बॅजच्या रेघेच्या वर. ऑलिंपिकच्या दडपणात 72 बाणांना सरासरी 9.1 गुण. 31 या आकड्यात जे दिसत नाही ते 656 मध्ये दिसतं.

सातारच्या अदिती स्वामीनं 2023 मध्ये मेडेलिनच्या विश्वचषक स्पर्धेत 720 पैकी 711 गुण केले. पण तिचं धनुष्य कंपाउंड. त्याला चाकं असतात आणि अंतर 50 मीटर असतं. म्हणून कंपाउंड आणि रिकर्व्हच्या गुणांची तुलना करत बसू नये.

नवशिक्यांचं काय?

500 गुण नव्या पोराला डोंगरासारखे वाटतात. ब्रिटनमध्ये यावर '252' नावाची योजना आहे. सुरुवात 20 यार्डांवरून, म्हणजे साधारण 18 मीटर. रिकर्व्हवाल्यानं 36 बाणांत 252 गुण केले, म्हणजे बाणाला सरासरी 7, की त्या अंतराचा बॅज मिळतो. मग 30 यार्ड, मग 40. जवळचं अंतर पक्कं झाल्याशिवाय घाईनं लांब जायचं नाही, ही शिस्त त्यातून लागते.

या गोष्टी ध्यानात ठेवा

घरामागच्या रानात केलेले गुण जागतिक बॅजसाठी धरत नाहीत. मान्यता असलेल्या स्पर्धेतलेच गुण लागतात आणि मागणी राष्ट्रीय संघटनेमार्फत जाते. आपल्याकडं बरीच मुलं बांबूच्या धनुष्यावर 'इंडियन राउंड' खेळून सुरुवात करतात. तो प्रकार देशापुरता आहे, त्याला हे बॅज लागू नाहीत.

बॅजवर दहावी-बारावीचे ग्रेस गुण किंवा सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षणही मिळत नाही. त्यासाठी ठरलेल्या स्पर्धांमधली कामगिरी आणि प्रमाणपत्रच लागतं. कुणी बॅजचं आमिष दाखवून वेगळं काही सांगत असेल तर सावध राहा.

मग उपयोग काय?

चांगल्या रिकर्व्ह धनुष्याचा सगळा संच घ्यायचा तर खर्च लाखांच्या घरात जातो. ऊसाचं बिल आलं की पोराला धनुष्य घ्यायचं की विहिरीची मोटर बदलायची, हा प्रश्न घराघरात पडतो. तेव्हा एका स्पर्धेतला नंबर बघून निर्णय घेऊ नये. एक साधी वही करा. तारीख, अंतर, बाण किती, गुण किती, एवढंच लिहा. बॅज मिळो ना मिळो, गुणांची सरासरी काढायला खर्च येत नाही. वर्षभरात सरासरी 6 वरून 7 वर गेली असेल तर पोरगं पुढं चाललंय. जागीच असेल तर आधी प्रशिक्षकाशी बोला, धनुष्याचं मग बघता येईल.

आणि पुढच्या वेळी पोरगं स्पर्धेहून आलं की "कितवा आलास?" च्या आधी "किती गुण झाले?" हे विचारा.